गोळी चालू आहे, तरी डाग थांबत नाहीत

पत्र

मी 31 वर्षांची आहे. राहते कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. पाळीच्या दिवसांत ओटीपोटात आणि शौचाला बसताना जीव नकोसा होईल असं दुखायचं. सोनोग्राफीत डाव्या ओव्हरीत 4.2 सेंमीची चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताची गाठ) निघाली आणि डॉक्टरांनी एंडोमेट्रिओसिस सांगितलं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर रुजणं. आषाढी एकादशीपासून डायनोजेस्ट 2 मिग्रॅ ही हार्मोनची गोळी रोज एक घेते आहे. सात आठवडे झाले. दुखणं निम्म्यावर आलंय, पण डाग काही थांबत नाहीत. आठवड्यातले चार-पाच दिवस पॅड लागतंच. डोकं दुखतं, चिडचिड होते. डॉक्टर म्हणाल्या, एवढा त्रास असेल तर दर महिन्याचं इंजेक्शन सुरू करू, तीन डोस. मेडिकलवाल्याने सांगितलं, 21 दिवस गोळी घ्या आणि 7 दिवस बंद ठेवा. त्यात गणपती चार दिवसांवर आलेत, आमच्याकडे गौरी असतात. सासूबाईंनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून दिल्यात, दिवसाला तीन. त्यांचं म्हणणं, एक मूल होऊ दे, सगळं आपोआप बरं होईल. आम्हाला मूल हवंय, पण दोनेक वर्षांनी. काय करू? डायनोजेस्ट बंद करू, इंजेक्शन घेऊ की या तीन गोळ्या घेऊ?

— एक वाचक, कोथरूड

उत्तर

आधी गौरींचं बघू, कारण तेच सगळ्यात जवळ आलंय. सासूबाईंनी आणलेल्या गोळ्या डब्यातच राहू द्या. पाळी पुढे ढकलायला मेडिकलमध्ये मिळतात त्या गोळ्या बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉनच्या असतात: 5 मिग्रॅ, दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेआधी तीन दिवसांपासून. पाळी येते ती शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन एकदम उतरतं म्हणून. ही गोळी त्याची जागा भरून काढते, म्हणून पाळी लांबते. तुमच्या बाबतीत मुळात पुढे ढकलायला पाळीच नाही. डायनोजेस्टने बीज सुटणं बहुधा थांबवलेलं आहे, त्यामुळे प्रोजेस्टेरॉनचा तो चढ-उतारही थांबलाय. तुम्हाला दिसतंय ते रक्त पाळीचं नाही. एका प्रोजेस्टिनवर (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या औषधावर) दुसऱ्या प्रोजेस्टिनच्या तीन गोळ्या रोज चढवल्या तर डाग थांबतीलच याची खात्री नाही, पण डोकेदुखी, मळमळ आणि चिडचिड वाढण्याची शक्यता मात्र चांगलीच आहे. शिवाय नॉरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरात एथिनिल एस्ट्रॅडिओलमध्ये, म्हणजे गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. मोठ्या डोसला ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही, विशेषतः घरात कुणाला पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असेल तर.

गौरी जेवतात त्या दिवशी डाग नकोतच असं असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करून दोन औषधांबद्दल विचारा. एक मेफेनॅमिक अ‍ॅसिड, 500 मिग्रॅ दिवसातून तीनदा, जेवणानंतर. दुसरं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. दोन्ही तीन-चार-पाच दिवसांपुरतीच असतात. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड रक्ताची गुठळी टिकवून धरतं, म्हणून गाठीचा इतिहास असलेल्यांना ते देत नाहीत. मेफेनॅमिक अ‍ॅसिड अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर चालत नाही, आणि ते घेताना अंगावर पुरळ आणि ताप आला तर लगेच बंद करायचं. या दोन्हींनी डाग कमी होतात, शंभर टक्के थांबतीलच असं नाही. आणि वैद्यकीयदृष्ट्या ही पाळी नाही, एवढं सासूबाईंना सांगून बघायला हरकत नाही. काही घरांत तेवढ्यानेही काम भागतं.

आता मुख्य मुद्दा. डायनोजेस्ट फसलं असं सात आठवड्यांत ठरवू नका, डागांसाठी निदान तीन महिने थांबा. तुमच्याच पत्रातलं एक वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात: दुखणं निम्म्यावर आलंय. औषध ज्यासाठी दिलं होतं ते काम ते करतंय. डाग हा त्या कामाचाच एक ओंगळ भाग आहे. तो का होतो हे नीट कळलं तर सोसणं सोपं जातं.

गर्भाशयाच्या अस्तराला वाढायला इस्ट्रोजेन लागतं आणि टिकून राहायला प्रोजेस्टेरॉन. डायनोजेस्ट इस्ट्रोजेन बेताचं खाली आणतं आणि वरून प्रोजेस्टेरॉनसारखा दाब कायम ठेवतं. त्याने अस्तर पातळ होत जातं. ओटीपोटात जिथे जिथे तसलंच अस्तर चुकीच्या जागी रुजलंय तेही सुकायला लागतं, म्हणून दुखणं कमी होतं. पण या मधल्या काळात अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या पातळ भिंतीच्या आणि फुगलेल्या राहतात, त्यांना आधार देणारा थर उरत नाही, आणि त्या कुठेही, कधीही फुटतात. म्हणून तारखेचा पत्ता नसतो. कधी तपकिरी डाग, कधी दोन दिवस लाल, मग तीन दिवस काही नाही. अस्तर पुरतं पातळ झालं की फुटायला फारसं काही उरत नाही.

आकडे बघा. डायनोजेस्टच्या अभ्यासांत पहिल्या तीन महिन्यांत सुमारे 38 टक्के बायकांना लांबलेला रक्तस्राव होता आणि 35 टक्क्यांना अनियमित. रक्तस्राव अजिबात नाही अशा दोन टक्केसुद्धा नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत लांबलेला रक्तस्राव 4 टक्क्यांवर आला आणि पूर्ण थांबलेल्या 28 टक्के झाल्या. यातला दुसरा अर्थही लक्षात घ्या: वर्षानंतरही पाचातल्या एकीला अधूनमधून डाग लागतच होते. ‘तीन महिन्यांनी सगळं थांबतं’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते निम्मं खरं आहे. बहुतेकींचं कमी होतं, सगळ्यांचं थांबत नाही.

मेडिकलवाल्याचा सल्ला मात्र ऐकू नका. 21 दिवस गोळी आणि 7 दिवस सुट्टी ही गर्भनिरोधक गोळ्यांची पद्धत आहे. डायनोजेस्ट रोज, खंड न पाडता घ्यायची असते. एक स्ट्रिप संपली की दुसऱ्या दिवशी नवी. सात दिवस बंद केली की अस्तराला आणि त्या चुकीच्या जागच्या पेशींना पुन्हा उभं राहायला वाव मिळतो, आणि दर महिन्याला पहिल्यापासून सुरुवात होते. सलग बरेच दिवस रक्तस्राव चालूच राहिला तर काही स्त्रीरोगतज्ज्ञ एकदाच पाच-सात दिवस गोळी थांबवून अस्तर झडू देतात आणि मग पुन्हा सुरू करतात. तो निर्णय डॉक्टरांचा आणि एका वेळेपुरता असतो. दर महिन्याचा रिवाज नव्हे.

डाग वाढवणाऱ्या काही साध्या गोष्टी असतात, त्या आधी तपासा. पहिली म्हणजे वेळ. गोळी कधी सकाळी चहाबरोबर, कधी रात्री अकराला, असं चाललं असेल तर रक्तातली पातळी वर-खाली होते आणि डाग लागतात. हिंजवडीहून घरी पोचायची वेळ तुमच्या हातात नसते, ती वाहतुकीच्या हातात असते. म्हणून ‘जेवणानंतर’ असं ठरवू नका. रात्री नऊचा गजर लावा आणि चार गोळ्या पर्समध्ये ठेवा. विसरलात तर आठवेल तेव्हा एक घ्या आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी पुढची. दोन दिवसांच्या एकदम घेऊ नका. गोळीनंतर तीन-चार तासांच्या आत उलटी झाली तर ती पोटात गेली नाही असं धरून दुसरी घ्या. मोठा जुलाब झाला असेल तरी तसंच.

दुसरी गोष्ट, स्ट्रिपवरचं नाव. डायनोजेस्ट आणि डायड्रोजेस्टेरॉन ही नावं कानाला जुळी वाटतात. ‘कंपनी वेगळी, औषध तेच’ म्हणून हाती आलेल्या स्ट्रिपवर फक्त ‘डायनोजेस्ट 2 मिग्रॅ’ एवढंच आहे ना, बरोबर कुठलं एस्ट्रॅडिओल जोडलेलं नाही ना, हे एकदा वाचा. कंपनी बदलायला हरकत नाही. किमतीत मोठा फरक पडतो आणि वर्ष-दोन वर्षं घ्यायचं औषध आहे, तेव्हा स्वस्त पर्याय डॉक्टरांनाच विचारा.

तिसरी, बरोबरची औषधं. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन लिव्हरला इतकं कामाला लावतं की डायनोजेस्टची रक्तातली मात्रा पाचव्या हिश्श्याच्याही खाली जाते. आकडीसाठीची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन याच वाटेने जातात. यातलं काही चालू असेल किंवा गेल्या महिन्यात थांबवलं असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंय का? आयुर्वेदिक चूर्णं-काढ्यांची नावंही त्याच कागदावर लिहून न्या, लाजू नका.

चौथी, गर्भधारणा. डायनोजेस्ट 2 मिग्रॅने बीज सुटणं बहुधा थांबतं, पण गर्भनिरोधक म्हणून तिची परीक्षा झालेली नाही आणि तशी मान्यताही नाही. निरोध वापरत नसाल तर सुरू करा, आणि मेडिकलमधून लघवीच्या तपासणीचं किट आणून एकदा खात्री करून घ्या. बाकी, संबंधानंतरच रक्त दिसत असेल, किंवा पांढऱ्या स्रावाला वास असेल, तर ते गोळीच्या खात्यावर टाकू नका. गर्भाशयाचं तोंड तपासून घ्यायला हवं.

डोकेदुखी. डायनोजेस्टवर ती सगळ्यात जास्त नोंदली गेलेली तक्रार आहे, साधारण 9 टक्के. त्याखाली स्तनांत दुखरेपणा, उदास वाटणं आणि मुरमं, प्रत्येकी 5 टक्क्यांच्या आसपास. तुमची डोकेदुखी कोणत्या जातीची आहे हे पत्रात नाही आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं दुखत असेल, पॅरासिटामॉलने उतरत असेल, तर पाणी, झोप आणि वेळेवर जेवण यांवर निभावून न्या. बहुधा पुढच्या काही आठवड्यांत कमी होते. दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकणाऱ्या रेघा येत असतील, नजरेचा एखादा भाग नाहीसा होत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर तो ‘ऑरा’सह मायग्रेन. हे डॉक्टरांना शब्दशः सांगा. पुढे कधी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुचवली गेली तर अशा मायग्रेनमध्ये ती चालत नाही, पक्षाघाताचा धोका वाढतो. आणि आजवर कधी न झालेली भयानक डोकेदुखी एकाएकी उठली, एका बाजूची ताकद गेली किंवा जीभ जड झाली, तर गोळीचा विचार करत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

चिडचिडीबद्दल थोडं सविस्तर, कारण ही तक्रार लोक हसण्यावारी नेतात. प्रोजेस्टिनने मन:स्थिती बदलते, हे खरं आहे. पण महिनोन्‌महिने दुखणं, अर्धवट झोप आणि रोज पॅड यांनीही माणूस चिडतंच. दोन्ही वेगळं काढायचा एकच मार्ग आहे: लिहून ठेवणं. गोळी सुरू करण्याआधी असं होत होतं का? दुखणाऱ्या दिवशीच होतं की एरवीही? पूर्वी कधी नैराश्याचे उपचार झालेत का? हा तिसरा प्रश्न डॉक्टर विचारतीलच असं नाही, तुम्ही आपणहून सांगा. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही अशी अवस्था असेल, तर डागांसाठी तीन महिने थांबायचा नियम इथे लावू नका, औषध बदलून घ्या. जगणं नको वाटायला लागलं तर त्याच दिवशी बोला. 14416 ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन मराठीतही चालते.

इंजेक्शनचं काय? महिन्याचं म्हणजे बहुधा ल्युप्रोलाइड 3.75 मिग्रॅ. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीला गप्प करतं, ओव्हरीचं काम थांबतं आणि इस्ट्रोजेन रजोनिवृत्तीइतकं खाली जातं. दुखण्यावर ते चांगलं चालतं, यात वाद नाही. पण डायनोजेस्टशी त्याची थेट तुलना झाली तेव्हा दुखणं कमी करण्यात दोन्ही बरोबरीची निघाली. त्यामुळे ज्या बाईचं दुखणं गोळीने निम्म्यावर आलंय तिला केवळ डागांसाठी सातव्या आठवड्यात इंजेक्शनवर नेणं आम्हाला घाईचं वाटतं. शौचाच्या दुखण्यात काहीच फरक नसेल, किंवा पुढे शस्त्रक्रिया ठरत असेल, तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांच्या मनात तसं काही असू शकतं. तेव्हा ‘इंजेक्शन कशासाठी: डागांसाठी, दुखण्यासाठी की ऑपरेशनआधी?’ एवढाच प्रश्न विचारा. उत्तरावरून कळेल.

घ्यायचं ठरलंच तर चार गोष्टी माहीत हव्यात. पहिले एक-दोन आठवडे पिट्युटरी गप्प होण्याआधी उसळते, त्यामुळे दुखणं वाढतं. अनेकजणी इथेच घाबरतात आणि इंजेक्शन मानवलं नाही असं समजतात. मग अंगातून वाफा येणं, रात्री घामाने जाग येणं, योनीत कोरडेपणा, सांधे धरणं. पुण्याच्या ऑक्टोबर हीटमध्ये हे सोसणं काही मजेचं नाही. तिसरं, हाडं. नुसतं इंजेक्शन सहा महिने दिलं तर मणक्याच्या हाडांची घनता साधारण 3 टक्क्यांनी उतरते, वर्षभर दिलं तर 6 टक्क्यांच्या घरात. म्हणून चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: ‘अ‍ॅड-बॅक’. इंजेक्शनबरोबरच रोज थोडं हार्मोन परत द्यायचं, नॉरएथिस्टेरॉन अ‍ॅसिटेट 5 मिग्रॅ किंवा टिबोलोन 2.5 मिग्रॅ. हाडांना पुरेल पण एंडोमेट्रिओसिसला पोसणार नाही इतकंच. त्याने इंजेक्शनचा गुण कमी होत नाही, वाफा आणि हाडांची झीज मात्र चांगली आटोक्यात राहते. तीनच डोस असले तरी पहिल्या दिवसापासून मागायला हरकत नाही. प्रिस्क्रिप्शनवर अ‍ॅड-बॅक नसेल तर ‘का नाही’ हे विचारा. प्रत्येक इंजेक्शन काही हजारांचं असतं, आणि काही कंपन्यांचं फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, तेव्हा मेडिकलमधून क्लिनिकपर्यंत कसं न्यायचं तेही.

मधल्या पर्यायांची नावं कानावर असू द्या. 52 मिग्रॅ लिव्होनॉरजेस्ट्रेलची तांबी (तांब्याची नव्हे, हार्मोनची) गर्भाशयात बसवली की पाचेक वर्षं रोजची गोळी नको, पण सुरुवातीचे तीन ते सहा महिने डाग तिथेही आहेत आणि ओव्हरीतल्या सिस्टवर तिचा भरवसा कमी. गर्भनिरोधक गोळ्या सलग घेणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. माला-डीसारख्या पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या फक्त लोहाच्या असतात, सलग घेताना त्या वगळतात. ब्लड प्रेशर, मायग्रेन, रक्ताची गाठ यांची चौकशी न करता त्या सुरू करायच्या नसतात. डॅनॅझॉल कुणी लिहून दिलं तर मात्र दुसरं मत घ्या: आवाज घोगरा झाला तर औषध बंद केल्यावरही तो परत येईलच असं नाही.

हाडांची काळजी डायनोजेस्टवरही घ्यायची, पण घाबरून नव्हे. किशोरवयीन मुलींच्या वर्षभराच्या अभ्यासात मणक्याची घनता सरासरी 1.2 टक्क्याने कमी झाली होती. एकतिसाव्या वर्षी लगेच हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनची गरज नाही, दोन-तीन वर्षं औषध चाललं किंवा घरात लवकर हाडं मोडल्याचा इतिहास असेल तर बोलू. कॅल्शियम दिवसाला 1000 मिग्रॅ लागतं. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात सुमारे 350 मिग्रॅ, पेलाभर (200 मिली) दुधात 240 च्या आसपास. म्हणजे नाचणीच्या दोन भाकऱ्या, दोन वेळा दूध-दही-ताक, पालेभाजी आणि चटणीत तीळ एवढ्यात गाडी जवळपास पोचते. ड जीवनसत्त्व तपासून मग घ्या. 60,000 युनिटची साशे आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडेच असते, मैत्रीण घेते म्हणून वर्षभर चालवू नका. आणि हाडांना भार हवा: पोहण्यापेक्षा चालणं, चालण्यापेक्षा चढणं. पर्वतीच्या 103 पायऱ्या आठवड्यातून तीनदा, हा व्यायाम अजून तरी फुकट आहे.

आता मूल. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना पाळी नसते म्हणून दुखणं बरेचदा शांत राहतं, आणि पाळी सुरू झाली की बरेचदा परत येतं. सासूबाईंनी पाहिलं असेल ते पहिलं, म्हणून त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण मूल हा या आजाराचा उपचार नव्हे आणि दुखण्यापायी घाईने घ्यायचा निर्णय तर मुळीच नव्हे. उलट बाजूही सांगायला हवी. या गोळीने पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. बंद केल्यावर साधारण दोन महिन्यांत पाळीचं चक्र परत येतं. मात्र गोळी घेतल्याने गर्भधारणेची शक्यता वाढतही नाही. ती आजाराला थोपवून धरते, मुळासकट काढत नाही, आणि थांबवल्यावर दुखणं परतू शकतं. दोन वर्षं थांबायचं असेल तर आत्ताच एएमएच ही रक्ततपासणी करून ओव्हरीतल्या बीजांच्या साठ्याचा अंदाज घ्या आणि तो आकडा डॉक्टरांबरोबर बसून समजून घ्या, रिपोर्टमधला ‘लो’ शब्द वाचून रात्र जागू नका. साठा वयाच्या मानाने कमी असेल तर दोन वर्षांचा बेत बदलावा लागू शकतो. आणि प्रयत्न सुरू कराल तेव्हा पहिल्याच महिन्यात नवऱ्याचीही वीर्यतपासणी करा. पुण्यातसुद्धा हे वर्षभर राहून जातं.

4.2 सेंमीच्या सिस्टवर लगेच ऑपरेशन हवंच असं नाही. सिस्ट सोलून काढताना ओव्हरीतला चांगला भागही थोडा जातो आणि एएमएच उतरतो. डायनोजेस्टवर अशा सिस्ट बऱ्याचदा आक्रसतात. सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, शक्यतो त्याच ठिकाणी, योनीमार्गाने, आणि दोन विनंत्या करा: मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाजवळ गाठ किंवा चिकटलेपण आहे का बघा, आणि दोन्ही किडन्या बघा. शौचाला दुखणं हे खोलवर रुजलेल्या एंडोमेट्रिओसिसचं लक्षण असू शकतं. तो मूत्रनलिकेला आवळू लागला तर किडनी काही न दुखता सुजते, आणि कुणी बघितलंच नाही तर कळतच नाही. रक्ततपासणीत सीए-125 (कॅन्सरच्या तपासातही बघतात तो घटक) वाढलेला आला तर लगेच कॅन्सर समजू नका, या आजारातही तो बरेचदा वाढतो.

पुढच्यापैकी काही झालं तर वाट बघायची नाही: ताशी एक पॅड भिजणं आणि ते दोन तासांहून जास्त चालणं, चक्कर, पोटात एकाएकी प्रचंड कळ आणि उलट्या, तापासह ओटीपोटात दुखणं, एकाच पोटरीला सूज, दम लागणं, किंवा गर्भधारणेचं किट पॉझिटिव्ह येणं. सणासुदीला क्लिनिक बंद असतं, म्हणून रात्री कुठे जायचं ते आत्ताच विचारून ठेवा.

सात आठवडे रक्त जातंय, तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) एकदा करून घ्या. थकवा आणि चिडचिडीचा बराच भाग तिथे सापडू शकतो. लोहाची गोळी सुरू झाली तर चहा तासभर लांब ठेवा.

वहीत रोज चार रकाने पुरेत: दुखणं दहापैकी किती, पॅड किती (नुसते डाग असतील तर ‘डा’), डोकं, मन. गोळीची वेळ कोपऱ्यात. तीन महिने दसऱ्याच्या आसपास पुरे होतात. त्या आठवड्याची अपॉइंटमेंट आजच घ्या, कारण नवरात्रात पुण्यात डॉक्टरची वेळ आणि शिंप्याची वेळ दोन्ही मिळत नाहीत. वही बरोबर न्या. दुखणं तीनच्या खाली आणि डाग ओसरत असतील तर तीच गोळी पुढे चालू ठेवायची. दुखणं कमी पण डाग तसेच असतील तर त्याच भेटीत एकदाचा खंड किंवा दुसरी गोळी यावर बोला. आणि शौचाचं दुखणं जसंच्या तसं असेल तर इंजेक्शनआधी एमआरआयचं विचारा.